टोकावरचे टोकेकर

अशोकराव टोकेकर ज्यांना भीत नाहीत अशा गोष्टी दोनच: पाल आणि परीक्षा. बाकी सगळ्याला भितात. गॅसच्या सिलिंडरला, लिफ्टला, विजेच्या खांबाला, रस्त्यावरच्या कुत्र्याला. ज्याच्या गळ्यात पट्टा आहे त्या कुत्र्याला तर जास्तच, कारण तो कुणाच्या तरी जोरावर असतो. राजेंद्र नगरातल्या घराला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघतात, फाटकापर्यंत जातात नि चौथ्यांदा परत येतात. रिक्षात बसलेल्या सरलाताई म्हणतात, "कुलुपालाही कंटाळा आला असेल हो नवऱ्याचा माझ्या."

आजोबा खानदेशातून कारकुनीला इंदूरला आले, वडील शाळामास्तर झाले आणि अशोकराव रेल्वेच्या पार्सल ऑफिसात बाबू. चौतीस वर्षं तिथे काढली. आंब्याच्या करंड्या, साड्यांचे गठ्ठे, कुणाची शिवणयंत्रं, एकदा तर चक्क संगमरवराची विठ्ठल-रखुमाई. प्रत्येक नगाची सुतळी ते बोटाने दाबून बघत. चौतीस वर्षांत त्यांच्या हातून एक नग हरवला नाही की फुटला नाही. निवृत्तीच्या समारंभात साहेब म्हणाले होते, "टोकेकरजी पार्सल नहीं, अपना डर संभालते थे. पार्सल उसके साथ संभल जाता था." सगळे हसले. अशोकरावही हसले, आणि हसता हसता डोक्यावरचा पंखा नीट बसवलाय ना ते बघून घेतलं.

लग्नानंतर अकरा वर्षांनी, नवसासायासाने झालेली मुलगी पूर्वा. बापाच्या वाट्याचं धाडसही देवाने हिलाच दिलं असावं. भंवरकुआंजवळच्या विद्यापीठात ती वनस्पतिशास्त्र शिकली आणि मग मेलेली जमीन जिवंत करणाऱ्या एका संस्थेत लागली. मेलेली जमीन म्हणजे काय, ते तिने जेवताना समजावून सांगितलं. धारच्या अंगाला, शहरापासून सव्वा तासावर, चुनखडीची एक जुनी खदान आहे. माळवी लोक तिला धोळी म्हणतात, धोळी म्हणजे पांढरी. वीस वर्षांपूर्वी दगड काढून लोक निघून गेले. मागे राहिला साठ फूट खोल खड्डा, सरळसोट पांढरे कडे, तळाशी हिरवट पाणी नि चुना भाजायची एक पडकी भट्टी.

"तिथे काय उगवणार?" सरलाताईंनी विचारलं.

पूर्वाने ताटातल्या भाताच्या मुदीकडे बोट दाखवलं. "आई, ही मूद बघ. कडा उभा आहे नं, वरण घातलं की ओघळून जातं. पावसाचं पाणीही तसंच जातं, आणि जाताना कडा घेऊन जातं." मग चमच्याने मूद मोडून पसरली. "आता बघ, मुरतंय की नाही? आम्ही कड्याला वरून माती टाकून उतार देतो. उतारावर पायऱ्या, पायऱ्यांवर काळी माती नि शेणखत, आणि मग झाडं. सीताफळ, कडुनिंब, करंज, अंजन. चुन्याच्या जमिनीत पानं पिवळी पडतात, त्याचाही इलाज आहे माझ्याजवळ."

सरलाताईंना ते आवडलं. अशोकरावांना एकच गोष्ट ऐकू आली होती.

"वरून माती टाकतात, तेव्हा तू कुठे असतेस?"

"खाली. माझी नर्सरी खालीच आहे नं, पाण्याजवळ."

त्यांचा घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी संस्थेची जीप पूर्वाला न्यायला आली, तेव्हा अशोकराव डबा घेऊन आधीच फाटकात उभे होते. "सहज बघून येतो," म्हणाले. सहज काही बघायला ते आयुष्यात कधी गेले नव्हते, हे पूर्वाला माहीत होतं. तिने जीपचं दार उघडून धरलं.

धोळीवर पोचल्यावर कड्यापासून दहा पावलांवर त्यांनी चपला काढल्या, देवळात काढतात तशा, आणि गुडघ्यावर बसून पुढे सरकले. खाली बघितलं. पांढऱ्या तळावर मुंग्यांएवढ्या बायका फिरत होत्या. त्यातली एक मुंगी नारिंगी ओढणीची होती. शहरात कुठे इमारतीचा पाया खणला जात होता, तिथली माती डंपर इथे आणून ओतत. कडेला मातीचा हातभर उंच बांध घातला होता. डंपर उलटा येई, चाक बांधाला टेकलं की थांबे, मागचा डबा वर उचलला जाई आणि दहा-बारा टन माती दणदणत खाली. कुणी पुढे उभा राहून "आने दो, आने दो" म्हणत होता, तोही मोबाइल बघत. पलीकडे एक जण विडी पेटवत होता. 

आठवडाभर ते रोज आले. रोज एकच: "थांबा हो, त्या बाई अजून उताराखाली आहेत." "अरे भिया, ज़रा देख के." साइटचे मॅनेजर देवेंद्रजी आधी चिडले, मग हसले, मग एक दिवस त्यांनी लाल आणि हिरवं, अशी दोन निशाणं आणून अशोकरावांच्या हातात दिली. "लो बाबूजी, झंडा आप ही पकड़ो. आप हम सबसे ज़्यादा देखते हो."

घरी सरलाताई हसून हसून बेजार. "टोकेकरांना टोकावर उभं केलं! आडनावाचं सार्थक झालं हो."

अशोकराव हसले नाहीत. आतापर्यंत ते नुसते भीत होते. आता काही झालं असतं, तर ते त्यांच्या हातून झालं असतं.

मग त्यांनी पार्सल ऑफिसासारखी रीत बसवली. खाली काम करणाऱ्या नऊ बायका, त्यांची मुकादम गंगूबाई धरून, पूर्वा दहावी. माती पडायच्या आधी सगळ्यांनी उताराजवळून निघून पलीकडच्या रस्त्यावर यायचं. पूर्वा ओढणी हलवणार. अशोकराव वरून दहा डोकी मोजणार, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. मग शिटी, मग हिरवं निशाण. लाल दिसलं की डंपरने जिथे असेल तिथे थांबायचं. गंगूबाईला या मोजणीची मोठी गंमत वाटे. संध्याकाळी वर आली की पदराने तोंड पुसत ओरडे, "बाबूजी, म्हने भी गिनी के नी? म्हूं तो दो का बराबर हूं!" आणि बायका हसत सुटत. अशोकराव मात्र खरंच पुन्हा मोजत.

तीन महिने झाले. उतार निम्म्यावर आला. ते स्वतः एकदाही खाली उतरले नव्हते. उतरणारा रस्ता बघितला तरी त्यांचे तळपाय ओले होत. दर मंगळवारी रणजीत हनुमानाला जाऊन यायचे नि नारळ फोडताना मागायचं एकच: पोरगी वर येऊ दे. सकाळी ती खाली जाई तेव्हा ते मागणं सुरू होई, संध्याकाळी ती वर येई तेव्हा थांबे. मधल्या वेळात त्यांना अन्न गोड लागत नसे. "वजन उतरलं हो तुमचं," सरलाताई म्हणाल्या. "तिला सांगू का दुसरी नोकरी बघायला?" ते म्हणाले, "सांगून बघितलं. म्हणाली, बाबा, टेन्शन नका घेऊ नं, तुम्ही आहात नं वर."

आणि मग रंगपंचमीनंतरचा दिवस आला.

आदल्या दिवशी सगळं शहर गेरमध्ये, रंगाच्या मिरवणुकीत, भिजलेलं. डंपर चालवणारा संजीव भिया कामावर आला तेव्हा त्याचे कान गुलाबी होते, नखं हिरवी होती. माणूस हसरा, पण गाडीवर हात सांभाळून. "बाबूजी, आपने नहीं खेली?" त्याने विचारलं. अशोकराव म्हणाले, "मुझे रंग से एलर्जी है." खरं म्हणजे त्यांना पिचकारीची भीती वाटते.

अकराचा सुमार. बायका उताराखालून निघाल्या. ओढणी हलली. अशोकरावांनी मोजलं: दहा. उजवीकडून पुन्हा मोजलं: दहा. शिटी फुंकली, हिरवं दाखवलं. डंपर पीं पीं करत उलटा सरकू लागला.

तेवढ्यात त्यांनी, सवयीने, तिसऱ्यांदा मोजलं. नऊ.

अंजनाच्या रोपांचा एक ट्रे उताराच्या पायथ्याशी राहिला होता. निमाडातून बी आणून, दोन वर्षं खपून पूर्वाने ती रोपं जगवली होती. एका मिनिटाचं काम, असं तिला वाटलं असणार. नारिंगी ओढणी उतारापाशी पळत चालली होती.

अशोकरावांनी हिरवं फेकलं, लाल वर केलं. पण संजीव दुसऱ्या बाजूच्या आरशात बघत होता, चाक बांधाला टेकतंय का ते. त्यांनी शिटी तोंडात घातली. तोंडात थेंबभर ओल नव्हती, छातीत वारा नव्हता. शिटीतून नुसतं फुस्स झालं. चाक टेकलं. डबा उचलला जाऊ लागला. आणि तेव्हा त्यांच्या गळ्यातून, सगळ्या आयुष्याचा जोर लावून, एक शब्द निघाला.

"खाली! अरे खाली! खाली!"

संजीवने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. ऐकलं. हसला. अंगठा दाखवला, आणि डबा पुरता उचलला.

हे असं का झालं ते ज्याला मराठी नि हिंदी दोन्ही येतात त्याला लगेच कळेल. अशोकराव म्हणत होते, खाली माणूस आहे. संजीवच्या हिंदीत खाली म्हणजे रिकामं. खाली, खाली, म्हणजे कर रिकामी, लवकर कर. आणि अशोकराव काही हिंदीत कच्चे नव्हते. जन्म इंदूरचा. भाजी हिंदीत घ्यायचे, नोकरी हिंदीत केली, रेल्वेच्या हमालांशी हिंदीत भांडले. दुसऱ्या कुठल्याही वेळी ते "नीचे" म्हणाले असते. पण जीव गळ्याशी आला की तोंडून आईचीच भाषा निघते.

माती पडली. तिचा आवाज आधी पायांना कळला, मग कानांना. पांढरा धुरळा खड्ड्यातून वर आला नि सगळं दिसेनासं झालं.

अशोकराव खाली धावले. तीन महिन्यांत ज्या रस्त्यावर पाऊल टाकलं नव्हतं, त्यावरून धावले, घसरले, बसून सरपटत गेले, पुन्हा उठले. मारुतिरायाचं नाव घ्यायला तोंड उघडलं तर नाव येईना, आकडाच येई. दहा, दहा, दहा. धुरळ्यात बायकांचे आवाज येत होते. त्यात पूर्वाचा नव्हता. वाटेत एक मोठा दगड त्यांना आडवा आला आणि क्षणभर त्यांना तो माणूस वाटला. त्यांनी त्याला हात लावला, तो गार लागला.

"बाबूजी, इनी आड़ी!" गंगूबाईचा आवाज. "भट्टी कने!"

चुन्याच्या पडक्या भट्टीची एक भिंत अजून उभी होती. पूर्वा तिच्या आडोशाला फेकली गेली होती. कमरेपर्यंत मातीत, पाठ भिंतीला, डोळे मिटलेले. अंगावर इतकी पांढरी धूळ, की कुणी आधीच भस्म फासून ठेवलंय असं वाटावं. अशोकराव जागच्या जागी थिजले. गंगूबाई दोन्ही हातांनी माती उपसत होती, तिने मान वर करून सांगितलं, "जीवे है, जीवे है! हाथ चलाव!"

मग त्यांनीही उपसली. नखं मोडली, कळलं नाही. त्यांच्या डोक्यावर निम्मा उतार अजून सैल होता. बारीक खडे टपटपत त्यांच्या पाठीवर पडत होते, आणि प्रत्येक खड्यागणिक त्यांना वाटत होतं, आता बाकीचं येतं. ते पूर्वाला म्हणत होते, "डोळे उघडू नकोस. उघडू नकोस हं राणी." बाटलीतल्या पाण्याने त्यांनी तिचा चेहरा धुतला. तिने डोळे उघडले नि पहिला शब्द बोलली तो असा:

"बाबा, ट्रे?"

"मर तू नि तुझा ट्रे!" अशोकराव ओरडले. जन्मात ते तिला असं कधी बोलले नव्हते. लगेच जीभ चावली, दोन्ही गालांत स्वतःच चापट्या मारून घेतल्या, आणि तिथेच मातीत बसून हमसून हमसून रडले.

तिला बाहेर काढलं. घोटा मोडला होता, बाकी खरचटलेलं. झोळी करून वर आणलं, जीपमध्ये निजवलं. अशोकराव तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. आता फक्त गाडी हलायची होती.

पण वर कड्यापाशी गलका चालला होता. देवेंद्रजींनी संजीवची गचांडी धरली होती. "कल की भांग उतरी नहीं तेरी! लड़की मर जाती तो?" बाकीचे ड्रायव्हर, बायका, सगळे त्याच्याभोवती. त्याचे गुलाबी कान बघून कुणाला पुरावा लागत नव्हता. कुणी तरी पोलिसांना फोन लावत होतं. संजीव रडवेला झाला होता. "साब, हनुमानजी की सौगंध, मैंने पी नहीं. बाबूजी ने बोला था. बोले, खाली. तीन बार बोले, खाली, खाली!"

"झूठ भी ढंग का बोल! बाप अपनी बेटी पे मिट्टी डलवाएगा?"

जीपमध्ये अशोकरावांना हे सगळं ऐकू येत होतं. संजीवने दाखवलेला अंगठा त्यांना आठवला. आपण काय शब्द उच्चारला, तो त्याच्या कानात काय होऊन गेला, हे सगळं त्यांना त्या एका क्षणात लख्ख दिसलं.

गप्प बसणं अगदी सोपं होतं. कुणी त्यांना विचारलंसुद्धा नव्हतं. आणि बोलले तर निशाण जाणार. निशाण गेलं की पोरगी बरी होऊन पुन्हा खाली उतरणार (ती उतरणार होतीच, त्यांनी तिला ओळखलं होतं) आणि वर उभा राहणार तो मोबाइलवाला, नाहीतर विडीवाला. आपलं माणूस खाली नि वर आपण नाही.  त्यांनी पूर्वाच्या केसांतली माती झाडली. एक मिनिट गेलं असेल. मग त्यांच्या मनात दुसरा विचार आला, तो पहिल्याहून भयंकर होता. संजीवला हाकललं, दुसरा आला. तोही हिंदी. वर मी. पुन्हा कधी जीव गळ्याशी आला, तर माझ्या तोंडून काय निघेल?

पूर्वाचं डोकं हळूच सीटवर टेकवून ते जीपमधून उतरले. 

"देवेंद्रजी, उसको छोड़ो. खाली मैंने बोला."

"आप सदमे में हो बाबूजी, बैठो."

"नहीं. सुनो. मैंने मराठी में बोला. हमारे में खाली माने नीचे. मैं बोल रहा था, नीचे है, नीचे! वो समझा, खाली कर. उसकी जगह आप होते तो आप भी खाली कर देते."

 संजीव खाली बसला आणि दोन्ही हातांत तोंड घेतलं. गंगूबाईने कपाळाला हात लावला: "ले! एक सबद ने छोरी खाई जाती!"

 देवेंद्रजींनी जमिनीवर पडलेलं लाल निशाण उचललं, झटकलं, आणि स्वतःच्या काखेत धरलं.  

सहा आठवडे पूर्वाच्या पायाला प्लास्टर होतं. ते सहा आठवडे अशोकराव जेवले, झोपले, अंगावर मांस चढलं. सरलाताईंनी रणजीत हनुमानाला सव्वाशे लाडूंचा नैवेद्य केला. संजीव एकदा बायकोला घेऊन घरी येऊन गेला, पूर्वाच्या पायाला हात लावायला वाकला तेव्हा तिने ओरडून पाय मागे घेतला, "भिया, इसी में फ्रॅक्चर है!" आणि सगळे हसले. धोळीवर नियम झाला होता की कड्यावर तोंडाने काहीच बोलायचं नाही. शिटी, निशाण आणि ड्रायव्हरच्या केबिनमध्ये जाणारी एक विजेची घंटी, एवढंच. कुणी "खाली" म्हटलं तर त्या दिवशीचा सगळ्यांचा चहा त्याच्याकडून. पूर्वा हे सांगून हसत होती. अशोकरावांना प्लास्टरच्या पांढऱ्या रंगाकडे बघवत नव्हतं.

सातव्या आठवड्यात जीप पुन्हा फाटकात आली. अशोकराव डबा घेऊन उभे होते.

"बाबा, तुम्हाला निशाण नाही देणार ते."

"माहीत आहे. पिशव्यांत माती भरीन. तुझ्या नर्सरीत."

"खाली?"

"खाली."

वर निशाण घेऊन प्राची नावाची नवी मुलगी उभी होती. नुकतीच इंजिनियर झालेली, उज्जैनच्या मराठी घरातली, चष्मा, टोपी, बूट, सगळं जागच्या जागी. घंटी नीट वाजते का तेही तिने बघून ठेवलं होतं. अशोकराव तिच्याजवळ गेले.

"काय गं बेटा, भीती नाही वाटत इथे?"

"नाही काका," ती हसत म्हणाली. "बिलकुल नाही. मी तर पॅराग्लायडिंग केलंय."

अशोकरावांच्या अंगावर काटा आला. मोबाइलवाल्याला बघूनही आला नव्हता एवढा. ते तसेच देवेंद्रजींकडे गेले नि हात जोडले. आज पहिली गाडी प्राचीने नाही घ्यायची. झंडा आप पकड़िए, ही मुलगी दहा मिनिटं माझ्याबरोबर नीचे येईल. देवेंद्रजींनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि मान डोलावली.

दोघं उतरले. अशोकराव पुढे, रेलिंगला बांधलेल्या दोराला दोन्ही हातांनी धरून, एकेक पाऊल देवाचं नाव घेत. त्यांनी प्राचीला नेऊन पलीकडच्या रस्त्यावर, जिथे बायका थांबत, तिथे उभं केलं. उतारापासून लांब, अगदी सुरक्षित. वरून शिटी झाली. डंपर दिसत नव्हता, नुसता त्याचा पीं पीं आवाज आभाळातून येत होता. कड्याच्या रेघेवर एक काळा डबा हळूहळू उचलला गेला, आभाळाला आडवा.

"काका, आपण जरा मागे—" प्राची म्हणाली.

"इथेच थांब. इथे काही होत नाही."

माती सुटली. खालून बघताना ती पडत नाही, येते. आपल्याच अंगावर येते. जमीन हादरली, वारा तोंडावर आपटला, मग पांढरं. धुरळा खाली बसला तेव्हा प्राची अशोकरावांच्या सदऱ्याची बाही घट्ट धरून उभी होती. चष्म्याच्या काचा पांढऱ्या झाल्या होत्या. त्या पुसायचंही तिला सुचलं नाही.  पलीकडे पूर्वा काठीवर रेलून रोपं मोजत उभी होती, आणि त्यांची नजर तिच्यावरून हलत नव्हती.

"काका," प्राची बाही न सोडता म्हणाली, "मला नाही उभं राहायचं वर. मला भीती वाटते. माझ्या हातून काही झालं तर?"

अशोकरावांनी तिच्या टोपीवरची धूळ झटकली.

"मग वर तूच जा," ते म्हणाले.